कणकेत घेतलेला ठसा

या, असे उंबऱ्यात ताटकळू नका. खुर्ची जवळ ओढा. त्या डब्यावर नको, त्यात बेअरिंगं आहेत. चहा टाकते, पण आधी थोडं रागावणार आहे, ते ऐकून घ्या.

घरातली शेवयांची मशीन बंद पडते, गिरणी बंद पडते, गावाकडचा उसाचा चरक कुरकुरायला लागतो. तुम्ही काय करता? तुटलेला गिअर भंगारवाल्याला देऊन टाकता, हात धुता आणि माझ्याकडे येऊन हवेत बोटाने गोल काढून दाखवता. "मावशी, एवढा होता." एवढा म्हणजे केवढा? दाते किती होते? "असतील वीस-पंचवीस." वीस का पंचवीस? तेवीस असला तर? दोन्ही हातांनी आयुष्यभर वापरलेली वस्तू, आणि एकदा तिचे दाते मोजावेत असं कोणाला वाटत नाही. दिवाळी अंकाचं निमित्त मिळालं आहे, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगते. तुटलेली वस्तू टाकायची नाही. ती आणायची. आणि ती ज्याच्याशी दात्यात दाते घालून फिरत होती, तो तिचा जोडीदारही आणायचा.

माझं शिक्षण सातवी. सातपूरला आमचा पत्र्याचा गाळा आहे, त्याच्यामागे दोन खोल्या, मध्ये एक दार. ते दार बंद होत नाही, त्यामुळे लेथचा वास पोळ्यांना लागतो आणि फोडणीचा वास लेथला. आमचे हे टर्नर. मी शोधणारी. ज्या मशीनची कंपनी बंद झाली, जिचे भाग आता कुठे मिळत नाहीत, तिचा गिअर शोधून द्यायचा, हा माझा धंदा. आधी आमच्या भिंतीवर बघायचं. तिथे खिळ्यांना तीन-चारशे जुने गिअर टांगलेत, दात्यांच्या संख्येप्रमाणे. तिथे नसला तर भंगार बाजार, बंद कारखान्यांचे लिलाव, ओळखीच्या मिस्त्रींचे फोन. कुठेच नाही मिळाला तर मग आमचे हे चकती घडवतात, शेजारच्या गाळ्यात दाते कापून घेतो.

हे मला कोणी शिकवलं नाही. ह्यांचा डबा घेऊन गाळ्यात यायची, डबा रिकामा होईपर्यंत बसून राहायची, आणि रिकामं बसवत नाही म्हणून दाते मोजायची. मोजताना सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. मग पहिल्या दात्यावर कपाळाची टिकली काढून चिकटवायची. टिकलीपासून टिकलीपर्यंत. आजही तसंच मोजते. आमच्या भिंतीवर निम्म्या गिअरांना टिकल्या आहेत, नवीन माणूस आला की त्याला वाटतं काहीतरी नवस आहे.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे फार अवघड वाटतं. तसं नाही. तीन गोष्टी लागतात. दाते किती, दाता केवढा, आणि मधलं भोक केवढं. पण ह्या तीन गोष्टी सांगणारे तिघंही खोटं बोलतात. गिऱ्हाईक खोटं बोलतं, कारण त्याला मशीन आपल्याच हातून तुटली हे सांगायचं नसतं. कागदावरचं ड्रॉइंग खोटं बोलतं, कारण मध्ये कधीतरी कोणीतरी दुसराच गिअर बसवलेला असतो. आणि नमुना तर सगळ्यात खोटा, कारण तो वीस वर्षं झिजलेला असतो. झिजलेल्यावरून नवीन केला तर तुम्ही झीजच नवीन करून देता. म्हणून मी कोणावर विश्वास ठेवत नाही. आमचे हे ठेवतात. आमच्या घरात विश्वासाचं खातं त्यांच्याकडे आहे आणि संशयाचं माझ्याकडे.

संशय उगाच नाही, बरं का. एक गृहस्थ यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. गिअर विकायला आणायचे. "काकू, आमच्या बंद पडलेल्या मशीनचा आहे, तुमच्या भिंतीला उपयोगी." पहिला घेतला. दुसरा आणला तेव्हा मी बोट फिरवलं. बंद मशीनवरचं ग्रीस वाळून काळं होतं, चाकूने खरवडावं लागतं. ह्याचं ग्रीस बोटाला मऊ लागलं. म्हणजे हा गिअर काल-परवापर्यंत कुठेतरी फिरत होता.

मी म्हटलं, "भाऊ, मशीन कधी बंद पडली?"

"झालं की वर्ष."

"मग ह्याला काल लोणी कोणी लावलं?"

ते गृहस्थ पेन चाचपडत जे गेले, ते गेलेच.

दुसरा मालेगावचा. तिकडच्या मागावर कापड गुंडाळून पुढे सरकवणारा एक गिअर असतो. त्याचे जितके दाते, तितके आडवे धागे एका इंचात बसतात. हा माणूस म्हणाला, गिअर सेहेचाळीस दात्यांचा करा, पण वर आकडा अठ्ठेचाळीसचा ठोका. आमच्या ह्यांनी मान हलवली, चकती कापायला घेतलीसुद्धा. मी विचारलं, "आकडा कोणासाठी? तुम्हाला तर दाते माहीतच आहेत." तो म्हणाला, "बाजी, आप काम से काम रखो." म्हणजे कापड विरळ विणायचं आणि घेणाऱ्याने विचारलं तर गिअरवरचा आकडा दाखवायचा. मी म्हटलं, आमच्याकडे जितके दाते तितकाच आकडा. आमच्या ह्यांनी अर्धी कापलेली चकती खाली ठेवली. नंतर म्हणाले, "कुसुम, तुला हे सुचतं तरी कसं?" म्हटलं, सुचत नाही, वास येतो.

तर अशी दोनदा-चारदा मी बरोबर ठरले. आणि माणूस लागोपाठ बरोबर ठरला की त्याला वाटायला लागतं, आपल्या नाकाला काही चुकत नाही. आता सांगते ती गोष्ट त्या नाकाची आहे.

गणपतीचे दिवस होते. चौकातल्या मंडळाचा स्पीकर पत्र्यावर आदळत होता. मी कणीक मळत होते. दारात एक चाळिशीची बाई आली, घामेजलेली, खांद्याला पिशवी, आणि हातात टॉवेलची घट्ट गुंडाळी, लहान मूल धरावं तशी.

"जय भीम मावशी. तुम्हीच ना गिअरवाल्या? देवळाली कॅम्पातनं आले. उज्ज्वला नाव माझं. गिअर दाखवायचाय, पण ठेवून जाणार नाही."

"आधी बस तर."

"बसते. पण इथंच बघा. माझ्या नजरेसमोर."

झालं. माझं नाक उभं राहिलं. नमुना ठेवून न जाणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक तर वस्तू चोरीची, नाहीतर चार गाळे फिरून कोणाचं तोंड किती उघडतं ते बघत हिंडणारी.

टॉवेल उघडला. हाताच्या पंजाएवढा बिडाचा गिअर, दोन दाते मुळापासून गेलेले. मी विचारलं, कशाचा?

तिने सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच पटलं. तिच्या वडिलांची दोरी विणायची मशीन होती. लोखंडी ताटासारखी, खाली गोलात आठ गिअर, एकाचे दाते दुसऱ्यात. वर सुताची रिळं उभी. गिअर फिरले की रिळं एकमेकांच्या आतून-बाहेरून पळतात, पोरी गोफ नाचतात ना, तश्शी, आणि मधोमध वर गोफासारखी दोरी विणली जाते. परकराच्या नाड्या, आणि सैनिकांच्या खांद्यावर गणवेशाला जी पांढरी दोरी असते ती. कॅम्पातले दुकानदार घेतात. वडिलांनी चाळीस वर्षं चालवली, ते गेल्यावर हिने. आठांतला एक गिअर तुटला आणि मशीन उभी.

"कंपनीला कळवलं का?"

"कंपनी कुठाय मावशी? मशीनवर नाव होतं तेच झिजून गेलंय."

"मग घाई कसली? ठेवून जा, दोन दिवसांत सांगते."

ती एकदम ताठ झाली. "घाई आहे. आमची एकच बाहेरची खोली, तिच्यात मशीन. माझा धाकटा भाऊ मिलिंद, तो मोबाइल दुरुस्त करतो, त्याला तिथं काउंटर टाकायचाय. तो म्हणाला, ताई, दसऱ्यापर्यंत चालली तर तुझी खोली. नाही चालली तर आदल्या दिवशी भंगारवाल्याला बोलावतो."

हे ऐकल्यावर माझ्या मनात भाऊसुद्धा टिपला गेला. तोंड न बघताच.

आता माझी चूक सांगते, ती नीट समजायला हवी. गिअरचा दाता केवढा ते मापायला व्हर्नियर असते. ती त्या दिवशी ह्यांच्याबरोबर अंबडला गेली होती. पण मला तिची फारशी गरज कधी पडत नाही, कारण माझी स्वतःची एक पद्धत आहे. धुण्याच्या साबणाच्या वडीवर गिअर दाबत लोळवायचा. दात्यांचा ठसा ओळीने उमटतो. मग एकेक दाता न मोजता दहा दात्यांचं अंतर एकदम पट्टीने मोजायचं. डोळ्याची चूक दहात वाटली जाते. साबण त्याच तासाला मोजला तर खरं बोलतो. मोठमोठ्या मिस्त्रींनी ही पद्धत बघून मान हलवली आहे.

पण साबण संपला होता. शेवटची वडी सकाळी पडद्यांना लागली. दुकान चार पावलांवर. "बस, साबण घेऊन येते" म्हणायला काय झालं होतं? पण गाळ्यात हिला एकटीला सोडून जाऊ? भिंतीवर तीन-चारशे गिअर आहेत. आणि "उद्या ये" म्हणावं, तर ती उद्या दुसऱ्या गाळ्यात जाईल. म्हणून मी पोळपाटावर घट्ट कणकेचा लांबट पट्टा केला आणि त्याच्यावर गिअर लोळवला.

तिने विचारलं, "कणकेत? मावशी, बरोबर येतं ना असं?"

"तीस वर्षं करतेय."

तीस वर्षं साबणात करत होते. तेवढं सांगितलं नाही.

टिकली लावून दाते मोजले, छत्तीस. तिने गिअर पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि बस गाठायला गेली. मीही तेव्हाच मोजायला हवं होतं. पण आरतीला बोलवायला बायका आल्या. पोळपाट खिडकीत ठेवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठवला. कणकेला वरून साय धरली होती, कडा जरा आवळल्या होत्या. पट्टी लावली. दहा दाते, साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. माझ्या डोक्यात लगेच माप बसलं.

इथे दोन शब्द समजावून सांगते. दात्यांची दोन घराणी आहेत. एक इंचाचं, जुन्या इंग्रजी मशीनचं, आणि एक मिलिमीटरचं. त्यातली काही मापं सावत्र भावंडांसारखी दिसतात. दहा दात्यांत सव्वा-दीड मिलिमीटरचा फरक. नुसतं बघून कळत नाही, दात्यात दाते घालून बघितले तर बसतातही. पण फिरायला लागले की एकमेकांना खातात. मी जे मोजलं ते मिलिमीटरच्या घराण्यात चपखल बसलं. इतकं चपखल बसलं की मला शंकाच आली नाही. सगळ्या जगावर शंका घेणारी मी, स्वतःच्या पोळपाटावर घेतली नाही.

ह्यांनी चकती लेथला लावताना विचारलं, "ठसा साबणात घेतला ना?"

"मग कशात घेणार?"

"आणि नमुना कुठाय? जुळवून बघू."

"ती सोडत नाही हातातनं. मला तर ती बाईच सरळ वाटत नाही."

बघा, कसं वळवलं ते. विचारलं ठशाबद्दल, उत्तर दिलं बाईबद्दल.

गिअर झाला. उज्ज्वला न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "जुना कुठाय?" म्हणाली, "घरी, कुलपात." आमच्या गाळ्याचा नियम आहे की नवीन गिअर जुन्याशी जुळवल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. मी सोडला. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही ना, मग घे तसाच. हे तोंडाने नाही म्हटलं, पण म्हटलं.

पाचव्या दिवशी फोन. "मावशी, नव्याचे तीन दाते गेले."

"मशीनमध्ये काही पडलं होतं का?"

"नाही."

"कोणी टाकलं असेल?"

"घरात मी नि मिलिंदच असतो, मावशी."

"तेच विचारतेय मी."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून मी देवळाली कॅम्पात पोचले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, दारात तुळस नाही, पण जास्वंद मोठी. मिलिंद तिशीचा, किडकिडीत, कपाळावर भिंग लावलेलं. त्यानेच खुर्ची दिली, पाणी आणलं. "मावशी, लांबून आलात, आधी बसा." मला वाटलं, फारच गोड बोलतोय. भिंतीवर पेन्सिलने एक फोन नंबर लिहिला होता आणि खाली 'भंगार'. मी तो वाचला आणि मनात म्हटलं, झाकायचीही लाज नाही.

मशीनचं वरचं ताट काढलेलं होतं. खाली वाकले, चष्मा पुसला. नव्या गिअरच्या शेजारचा जुना गिअर होता, त्याच्या दात्याच्या मुळाशी ओरखडा. ताजा, चकचकीत. दाता आपणहून मोडला की असा ओरखडा उठत नाही. कोणीतरी लोखंड घुसवलेलं होतं.

"हा कशाचा?" मी विचारलं.

मिलिंद म्हणाला, "माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचा."

"म्हणजे कबूल आहे."

"काय कबूल?"

"बहिणीची मशीन बंद पडली की खोली तुझी. मला कळत नाही असं वाटलं का? आयुष्य ह्याच्यात गेलंय माझं."

उज्ज्वला म्हणाली, "मावशी, अहो..."

मिलिंदने कपाळावरचं भिंग काढलं. आवाज चढवला नाही. "तुटलेले तुकडे दात्यांत अडकले होते. ताई परत बटण दाबणार होती. दाबलं असतं तर बाकीचे सातही गेले असते. म्हणून एकेक तुकडा बाहेर काढला. त्यात लागला ओरखडा." मग बहिणीला म्हणाला, "ताई, मावशींना चहा आणतो," आणि स्टीलची किटली घेऊन बाहेर गेला.

मला तेव्हाही खरं वाटलं नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. आणि उज्ज्वलाला सांगितलं, "जुना गिअर काढ कुलपातला. तुझ्या भावाने काय केलंय ते आत्ता दाखवते."

तिने कपाट उघडलं. जुन्या गिअरवर माझी टिकली अजून होती. मी तो खाली ठेवला, त्याच्यावर नवीन, भोकावर भोक. आणि बोट कडेने फिरवलं. बोट अडखळलं. नव्याचा काठ जुन्याच्या आत, चहूकडून, अगदी नखाच्या जाडीइतका. झिजून तर जुना लहान व्हायला हवा. इथे नवीनच लहान.

"उज्ज्वला, धुण्याचा साबण आहे?"

तिने मोरीतून वडी आणली. अर्धी वापरलेली, तिच्या मागच्या बाजूवर दोन्ही गिअर लोळवले. पट्टी लावली. जुना, दहा दाते, ऐंशीला जेमतेम कमी. नवीन, साडेअठ्ठ्याहत्तर. पोळपाटावरची कणीक डोळ्यांसमोर आली. खिडकीत वाळून आवळलेली. गिअर इंग्रजी होता. मी त्याला वाळवून मिलिमीटरचा केला होता.

खाली बसूनच म्हटलं, "मशीनमध्ये कोणी काही टाकलेलं नाही. मी टाकलं. गिअर मी चुकीचा दिला."

ती म्हणाली, "मी ठेवून गेले असते तर असं झालं नसतं. पण मावशी, बाबांच्या वेळचा एक जादा गिअर होता. एका ठिकाणी नमुना म्हणून ठेवला, दोन दिवसांनी म्हणाले, हरवला. त्यांच्या दाराला माझ्याच गिअरचं टेकण लावलेलं मी डोळ्यांनी बघितलं. मागितला, तर म्हणे हा आमचा. तेव्हापासून हातातनं सुटतच नाही."

तर ही तिची चोरी. इतके दिवस मी जिच्यावर संशय घेत होते, तिची स्वतःची वस्तू चोरीला गेलेली.

"तू सोडला नाहीस म्हणून नाही झालं," मी म्हटलं. "साबण आणायला मी चार पावलं गेले नाही, म्हणून झालं."

तेवढ्यात मिलिंद किटली घेऊन दारात आला. त्याने किती ऐकलं मला माहीत नाही. तीन ग्लास भरले, माझ्या हातात एक दिला, आणि "ताई, मला गिऱ्हाईक आहे" म्हणून स्वतःचा चहा तसाच ठेवून गेला. तेव्हा दोन शब्द बोलायचे होते. बोलले नाही. बहिणीपुढे चूक मान्य करणं सोपं गेलं, कारण ती गिअरची चूक होती. त्याच्यापुढची चूक गिअरची नव्हती.

निघताना उज्ज्वलाने जुना गिअर टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "राहू दे, तूच घेऊन ये, माझ्यासमोर बस." ती म्हणाली, "न्या. आता कुठं ठेवू मी?" बसमध्ये मी ती पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. शेजारी एक म्हातारे आजोबा येऊन बसले, पिशवीकडे बघून हसले. मी पिशवी खिडकीकडे सरकवली. सवय जात नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "ठसा कणकेत घेतला होता."

ह्यांनी लेथ बंद केली. "माहीत होतं."

"कसं?"

"त्या दिवशी पोळीला ग्रीसचा वास होता. म्हटलं, सांगशील."

"मग विचारलं का नाही?"

"तू 'मग कशात घेणार' असं काही म्हणालीस, की माझी छाती झाली नाही."

पन्नास वर्षांचा संसार, आणि ह्या माणसाला मला एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची भीती वाटते. तो गिअर तुटला त्यात हाही एक दाता होता, असं मला आता वाटतं.

दुसरा गिअर नीट झाला. ह्या वेळी व्हर्नियरने मोजला, साबणाने मोजला, जुन्यावर ठेवून बोट फिरवलं, कुठेही अडखळलं नाही. उज्ज्वला दिवसभर गाळ्यात बसून होती, माझ्या भिंतीवरच्या टिकल्या मोजत. जाताना म्हणाली, "मावशी, सत्तावन्न." मी परत मोजल्या. सत्तावन्नच होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने फोन मशीनजवळ धरला. नुसता आवाज. आठ गिअर एकसारखे फिरत असले की आवाज येतो म्हणण्यापेक्षा पाऊस दूर कुठेतरी पडतोय असं वाटतं, मध्ये कुठे खट्ट नाही. मग म्हणाली, "भंगारवाला आला होता. बोलावलेला होता ना. मिलिंदने त्याला दारातनंच परत पाठवलं. शब्दाला जागला तो."

मी विचारलं, "आणि त्याचा काउंटर?"

"ओट्यावर टाकलाय. पत्रा बांधून."

नंतर एकदा नाड्यांच्या कामाने ती आली तेव्हा म्हणाली, पावसाची झड आली की तो मोबाइल मांडीवर घेऊन बसतो. माझ्याबद्दल काही बोलतो का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

ह्या अंकासाठी संपादक मला म्हणाले, मावशी, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. सटाण्याचे एक शेतकरी "आमनं मशीन जुनं शे ताई" म्हणत गिअरऐवजी अख्खी मशीन ट्रॅक्टरमध्ये घालून आले होते, तेही लिहिता आलं असतं. पण लिहायला बसले तेव्हा तो स्टीलचा ग्लास आठवला, मिलिंदने न पिता ठेवलेला. दुसऱ्याच्या गिअरचा तुटलेला तुकडा मी आजवर शेकडो वेळा बाहेर काढला आहे. त्याने काढला तेव्हा मला तो गुन्हा वाटला.

संशय मी सोडणार नाही. ह्या धंद्यात तो सोडला तर लोकांच्या मशिनी मोडतील. पण आता सुरुवात पोळपाटापासून करते. गाळ्यात साबणाच्या सहा वड्या असतात, कायम.

तर तुम्ही या. तुटलेला घेऊन या, जोडीदार घेऊन या, ठेवून जायची भीती वाटत असेल तर दिवसभर बसा, चहा मिळेल. आणि मिलिंद, उज्ज्वला हा अंक तुझ्या काउंटरवर ठेवणार आहे, मी तिला तसं सांगितलंय. म्हणून तुला इथेच सांगते. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, तोही तुझ्याच घरात, तुझंच पाणी पिऊन. आमच्या भिंतीवरचा एक जुना गिअर आहे, त्याच्या दात्यांत तुटका तुकडा रुतून बसलाय. ह्यांचा हात आता थरथरतो आणि मला तो कोणाच्या हाती द्यायला धीर होत नाही. तुझा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये. ओरखडा पडला तर पडू दे. पुढचा पाऊस लागायच्या आत ये.